परसातल्या कोंबड्यांची मारामारी आणि कारण न कळणारे मृत्यू: नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

सकाळी खुराड्याचे दार उघडावे आणि कोपऱ्यात एक कोंबडी मरून पडलेली, पाठीवर टोचल्याच्या जखमा, असे दिसले की घरातले कोणीतरी लगेच सांगते, "त्या तांबड्या कोंबडीनेच मारली हिला." बहुतेक वेळा ही गोष्ट उलटी असते. कोंबडी आपला आजार शेवटपर्यंत लपवते. तो आपल्याला दिसत नाही, पण सोबतच्या कोंबड्यांना आपल्या आधी कळतो आणि त्या तिला टोचायला लागतात. अशा वेळी टोचणे हे मरणाचे कारण नसते, ती आजाराची पहिली खबर असते. याच्या उलटही घडते. अंगावर एकही ओरखडा नसलेली कोंबडी मरते, आणि नीट पाहिले तर कळते की कित्येक दिवस तिला खाण्याच्या भांड्याजवळ कोणी फिरकू दिले नव्हते. म्हणून भांडण आणि मृत्यू ही दोन वेगळी प्रकरणे समजू नका. एकाचा माग काढताना दुसऱ्याकडे बघायचेच.

खाली जे लिहिले आहे ते गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतल्या परसांना धरून आहे. चिऱ्याच्या जोत्यावर खुराडे, मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा काजूची बाग, पाच ते वीस कोंबड्या, त्यांत थोड्या गावठी आणि थोड्या वनराज, गिरिराज किंवा ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या. दिवसा मोकळ्या, रात्री बंद. मोठ्या पोल्ट्रीचे गणित वेगळे असते.

मेलेली कोंबडी दिसली की

आधी बाकीच्या मोजा. किती आहेत, किती मरगळलेल्या आहेत, कोण खायला आले नाही, ते बघा. एखादी पिसे फुगवून, डोळे मिटून उभी असेल तर तिला तिथल्या तिथे वेगळी करा. मग मेलेलीकडे या. हातात मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. उचलण्याआधी जागेचा फोटो काढा, कारण ती कुठे पडली होती याला अर्थ असतो. बसण्याच्या दांड्याखाली पडलेली कोंबडी रात्री झोपेतच गेलेली असते. अंडी घालायच्या पेटीत मेलेली असेल तर अंड्याचाच काही घोटाळा असू शकतो. पाण्याच्या भांड्याजवळ मेलेली असेल तर ताप, उष्मा किंवा विषबाधा डोक्यात ठेवावी.

आता हाताने तपासा. छातीच्या मधले हाड चाचपा. निरोगी कोंबडीत त्याच्या दोन्ही बाजूंना भरीव मांस लागते. ते हाड कोयतीच्या पात्यासारखे हाताला टोचत असेल तर कोंबडी आठवडेच्या आठवडे झिजत होती. जंत, जुना आजार किंवा उपासमार, यांतले काहीतरी तिला आतून खात होते आणि काल रात्रीच्या भांडणाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी दाबून बघा. ती दगडासारखी घट्ट असेल तर गवत किंवा काथ्या आत अडकलेला असतो. नारळाच्या सोडणांचे काथे कोंबड्या खूप गिळतात. पिशवी पाण्याने भरलेली आणि आंबूस वासाची असेल तर अन्न आत कुजले आहे.

शेपटीखाली बघा. हिरवट पातळ विष्ठा चिकटली आहे का, रक्त आहे का, अंडे अडकले आहे का? त्याच जागी पिसांच्या मुळाशी पांढरट दाणे गच्च चिकटलेले दिसले तर ती उवांची अंडी. तुरा फिकट गुलाबी असेल तर अंगात रक्त कमी, जांभळा असेल तर श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलेले. तोंड उघडून चिकट लाळ किंवा पिवळे चट्टे आहेत का ते पाहा. शेवटी पंखांखालची पिसे फुंकून दातांच्या खुणा शोधा.

हे सगळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या त्या तारखेच्या चौकोनात दोन शब्दांत लिहून ठेवा. वर्षभराने दोन नोंदी शेजारी ठेवल्या की जे आज कळत नाही ते कळते.

दोन-तीन दिवसांत दुसरी गेली तर

इथे घरगुती तपास थांबवायचा. कळपात पाठोपाठ मृत्यू होत असतील, हिरवी विष्ठा, तोंड उघडून घेतलेला श्वास, वाकडी झालेली मान किंवा लुळे पडलेले पाय दिसत असतील, तर मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा पहिला संशय. लस न दिलेला अख्खा कळप ती काही दिवसांत रिकामा करते. बर्ड फ्लूची लक्षणेही बरीचशी अशीच असतात: अचानक मृत्यू, सुजलेला चेहरा, निळा-जांभळा तुरा. भारतात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला आणि त्यानंतर अनेक राज्यांत आला. डोळ्यांनी या दोन्हींतला फरक सांगता येत नाही, म्हणून मेलेली कोंबडी घरी चिरून पाहू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

गोव्याच्या पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या जवळच्या दवाखान्यात लगेच कळवा. काही रोग कळवणे २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि बर्ड फ्लू त्यात आहे. शवविच्छेदन करायचे ठरले तर मृत कोंबडी जितकी ताजी तितके उत्तर पक्के. ती दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा. गोठवू नका, कारण गोठवल्यावर आतले अवयव खराब होतात. घरच्या खाण्याच्या फ्रिजमध्येही ठेवू नका.

बाकीची विल्हेवाट लावताना व्हाळात (ओढ्यात), रस्त्याकडेला किंवा शेजारच्या कुळागरात फेकू नका. खोल खड्डा, वर-खाली चुना, आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी माती. आजारी कोंबडी "मरण्याआधी कापून टाकूया" म्हणून मारणे किंवा बाजारात विकणे हे दोन्ही टाळा. मानमोडीचा विषाणू बाजारातून घरी आणि घरातून पुढच्या वाड्यावर असाच जातो.

एखादीच अधूनमधून मरते तेव्हा

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबून बघू.

जाड, चकाकणारी, भरपूर अंडी देणारी कोंबडी एका दिवसात मेली तर चरबीचे यकृत किंवा उष्माघात हा अंदाज धरा. भात, कणी आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे यांवर वाढलेल्या कोंबडीच्या पोटात चरबी साठते, यकृत फुटते आणि आत रक्तस्राव होतो. एप्रिल-मे महिन्यात दमट उकाड्यात हेच अंग दुपारी दगा देते. वनराज, गिरिराज वजनदार असल्यामुळे त्यांना उन्हाचा त्रास गावठीपेक्षा जास्त होतो. दुपारी त्या चोच उघडून धापा टाकत पंख पसरून बसल्या तर सावली, वारा आणि गार पाणी हाच उपाय. एकदम बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

शेपूट खाली टाकून, पाय फाकवून, कण्हत बसणारी कोंबडी दिसली तर अंडे अडकलेले असू शकते. कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटे बसवा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. अंडे बाहेरून दाबून फोडू नका. त्याच दिवशी सुटका झाली नाही तर डॉक्टर.

दोन ते पाच महिन्यांच्या तरण्या कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे पसरला असेल तर मॅरेकचा रोग असण्याची शक्यता मोठी. त्याची लस पिल्लू उबवणीतून निघते त्याच दिवशी द्यायची असते, नंतर इलाज नाही. लहान पिल्ले पावसात रक्ताची विष्ठा टाकत खंगत गेली तर ती रक्ती हगवण. औषध मिळते, पण मात्रा डॉक्टरला विचारूनच. प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात ओतण्याची सवय मला फार घातक वाटते. रोग ओळखता येत नाही आणि अंड्यांत औषधाचा अंश उतरतो.

विषबाधेची कारणे घरात शोधा. उंदराचे औषध, गोगलगायींचे दाणे, काजूवर किंवा भातावर मारलेल्या फवारणीनंतरचे गवत. कुजलेल्या मेल्या प्राण्यातल्या अळ्या खाल्ल्या तर मान लुळी पडते, पंख गळतात आणि कोंबडी जाते.

मीठ सांगायचे राहायला नको. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत खारवलेल्या मासळीचे डोके-शेपट्या, खारे पाणी, लोणच्याचा गाळ कोंबड्यांपुढे फेकला जातो. कोंबडीला मीठ फार थोडे चालते. जास्त झाले की तहान, पाण्यासारखी विष्ठा, डगमगती चाल आणि मृत्यू, तेही काही तासांत. बिनमिठाचा सुका जवळा मात्र खुशाल द्या, तो उत्तम प्रथिन आहे.

रात्री कोणी येऊन गेले का

शरीर अर्धे खाल्लेले, डोके नाही किंवा कोंबडीच गायब, अशा वेळी भांडणाचा विचार करू नका. रानमांजर किंवा कांडेचोर (उदमांजर) उचलून नेतो. जाळीतून हात घालणारे प्राणी डोके ओढतात. मुंगूस आत शिरला तर एकीला मारून थांबत नाही, मानेवर चावे घेऊन अनेक मारतो. एखाद्या मेल्या कोंबडीचे डोके-मान ओले, चिकट आणि पिसे मागे चोपडलेली दिसली तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलेली असते. पिल्ले रात्री एकेक कमी होत असतील तर साप किंवा घूस, दिवसा होत असतील तर कावळा, घार किंवा शिकरा.

उपाय एकच टिकतो, तो म्हणजे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. षट्‌कोनी कोंबडीजाळी वासरे-कोंबड्या अडवते, मुंगूस अडवत नाही. जाळी खाली जमिनीत एक फूट पुरा आणि बाहेरच्या बाजूला वळवा. दाराला दुहेरी कडी लावा. नाग, धामण, अजगर, मुंगूस हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना मारू नका, वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा.

आता मारामारी

कोंबड्यांत थोडे टोचणे रोजचे असते. १९२१ साली नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरप-एब्बे यांनी कळपातल्या या श्रेणीचा अभ्यास मांडला: वरची खालचीला टोचते, खालची बाजूला होते, आणि यामुळे रोजची भांडणे टळतात. एकमेकींना एकदोनदा डिवचून बाजूला होणे हे त्याच व्यवस्थेचे काम आहे. रक्त निघाले, एकीला सगळ्या मिळून मारतात किंवा ती दिवसभर दांड्यावरच बसून राहते, हे मात्र आपले काम.

पहिले काम जखमीचे. रक्ताचा लाल रंग बाकीच्यांना अजून टोचायला लावतो. तिला वेगळी करा, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. आपल्या दमट हवेत माशा बसून किडे पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे रोज दोनदा पाहा. तिचा पिंजरा खुराड्याच्या शेजारीच ठेवा म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. दूर कोठारात ठेवलेली कोंबडी परत आली की तिला नवखी समजून पुन्हा मारतात.

दुसरे काम, आणि हे बहुतेक जण करत नाहीत: मारणारीला काढा. बळी पडलेलीला हलवून दंडेली करणारीचे राज्य तसेच राहते, ती दुसरी शोधते. तिला तीन-चार दिवस वेगळी ठेवलीत की तिच्या मागे श्रेणी नव्याने ठरते आणि ती परत आल्यावर तिला खालून सुरुवात करावी लागते. काही वेळा एकदाच पुरते.

आता मागचे कारण शोधा. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दांड्याच्या खालच्या फटीत, चिऱ्यांच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत बघा. तांबडे किडे किंवा चपट्या गोचिड्या दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्रभर झोप नसलेल्या कोंबड्या दिवसा चिडचिड करतात, तुरे फिकट पडतात, आणि यातच एखादी "कारणाशिवाय" मरते. हेच मला सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित होताना दिसते. दांडे काढून उन्हात टाका, भेगांत चुना भरा, कोंबडीवर मारायचे औषध डॉक्टरकडून घ्या.

टोचलेली जागाही बोलते. पाठ आणि डोक्यामागचे पीस उडालेले असेल तर कोंबडा वारंवार चढतो आहे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. शेपटीच्या मुळाशी जखम असेल तर पिसे खाण्याची खोड लागली आहे. तिथे बहुतेक वेळा प्रथिनांची कमतरता, दाटी किंवा कंटाळा असतो. खुडूक कोंबडी आपल्या पेटीजवळ येणारीला टोचते, ते नैसर्गिक आहे. तिला रवणीला बसवायचे असेल तर वेगळी खोली द्या.

जागेचे माप सांगतो. खुराड्यात एका कोंबडीला चार चौरस फूट, बाहेर दहा. दांड्यावर प्रत्येकीला साधारण वीत-दीड वीत. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायची एक पेटी. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे एका भांड्यावर पहारा देणारीला दुसऱ्यावर देता येत नाही. एवढ्यानेच उपाशी राहणारी कोंबडी वाचते.

जून ते सप्टेंबर

गोव्यात मारामारीचा हंगाम म्हणजे पावसाळा. आठ महिने कुळागरात हिंडणाऱ्या कोंबड्या चार महिने पत्र्याखाली कोंडल्या जातात. उकरायला कोरडी माती नाही, धूळ-अंघोळ नाही, खाली ओला कचरा, वर अमोनियाचा वास. यासाठी मे महिन्यातच तयारी करा. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंचावर घ्या किंवा जोते वाढवा. वाऱ्याची बाजू उघडी ठेवून पागोळीचे पाणी आत येणार नाही अशी छपरी पुढे काढा. खाली भाताच्या तुसाचा जाड थर घाला आणि ओला झालेला भाग रोज उचला.

एका जुन्या टोपलीत किंवा टायरमध्ये चुलीची राख, कोरडी वाळू आणि माती भरून छपराखाली ठेवा. त्यात लोळून कोंबड्या उवा झाडतात आणि त्यांचा वेळही जातो. तांबड्या भाजीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगा. चोच मारायला काही मिळाले की एकमेकींच्या शेपट्यांकडचे लक्ष वळते. खुराड्यात रात्रभर पिवळा बल्ब ठेवू नका, प्रखर प्रकाशात टोचणे वाढते.

पावसात खाद्याला बुरशी लागते. नारळाची पेंड आणि मका यांत ती विशेष. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, यकृत हळूहळू निकामी करते. कुबट वास आला तर पोते टाकून द्या, "उन्हात वाळवून" वापरू नका. वाळवल्याने विष जात नाही. महिन्याभराच्या आत संपेल एवढेच आणा.

खाणे

तांदळात प्रथिने जेमतेम सात टक्के, अंडी देणाऱ्या कोंबडीला सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. फक्त कणी-भातावरच्या कोंबड्या पिसे खातात ती याच भुकेने. निम्मे लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य), बाकी कोंडा, पाला, किडे, बिनमिठाचा जवळा, असा मेळ घाला. तिसऱ्या, खुबे यांची शिंपले धुऊन, भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना हवे त्या खातील. त्यात कॅल्शियम असते, अंड्याचे कवच घट्ट होते, अंडी खाण्याची खोडही कमी होते.

नवीन कोंबड्या आणताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा गावच्या जत्रेतून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडणे हे मानमोडीला घरी आमंत्रण आहे. तीन आठवडे वेगळी जागा, वेगळी भांडी, आणि तिचे काम सगळ्यांत शेवटी. त्यानंतर आठवडाभर जाळीच्या पलीकडून एकमेकींना बघू द्या. मग रात्री, अंधार पडल्यावर, दांड्यावर नेऊन बसवा. एकटी कधीही टाकू नका, दोन तरी एकत्र. त्या दिवशी एक जास्तीचे भांडे ठेवा आणि सकाळी तुम्ही जवळ राहा.

साथीनंतर मात्र घाई नको. सगळा तूस काढा, पुरा किंवा जाळा, भिंती चुन्याने रंगवा, उन्हात उघडे ठेवा आणि खुराडे निदान महिनाभर रिकामे राहू द्या.

लस

मानमोडीसाठी पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वन या लसीचा डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा, आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी या मानमोडीच्याच लसीचे इंजेक्शन, आणि देवीची लस सहा-सात आठवड्यांच्या दरम्यान पंखाच्या पडद्यात. नेमके वेळापत्रक तुमच्या दवाखान्यातले घ्या. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांतच वापरावी लागते, म्हणून वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी द्यावी. वाहताना बर्फाच्या थर्मासमध्ये, २ ते ८ अंशांत. पाण्यातून द्यायची असेल तर विहिरीचे पाणी घ्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन लस मारतो.

आजारी कळपाला लस देऊ नका. आणि पिल्ले विकत घेताना भाव ठरवण्याआधी विक्रेत्याला विचारा की कोणती लस, कोणत्या तारखेला दिली. एला, जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत परसातल्या कोंबडीपालनावर काम चालते, तिथे सुधारित पिल्लांबद्दल चौकशी करता येते.